मागच्या खोलीतला पडदा

एखाद्याला भर दुपारी घरात रात्र हवी असली की तो मास्तरांच्या दुकानाची पायरी चढायचा. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या नर्स यायच्या, डोकं उठलं की उजेड नकोसा होणारी माणसं यायची, तान्ह्या बाळांच्या जागरणाने तारवटलेल्या आया यायच्या. अलीकडे आणखी एक गिऱ्हाईक वाढलं होतं, घरातच थिएटर करून घेणारं. भिंतभर पडदा, छताला उलटा टांगलेला प्रोजेक्टर, गुबगुबीत खुर्च्या. पण काळोख नसेल तर या सगळ्याचं मातेरं, आणि काळोख मिळायचा मास्तरांकडे.

मास्तरांनी जन्मभर पडदेच शिवले. लहानपणी मामाच्या दुकानात काजं-बटणं करायला बसले होते, पण शर्ट-पँटीत त्यांचा जीव रमला नाही. "माणसं हलतात, खिडक्या हलत नाहीत," असं ते सांगायचे. "खिडकी कधी येऊन म्हणत नाही की मास्तर, मी जरा सुटलेय, बाजू सैल करून द्या." पडदा टांगून झाला की ते घरच्यांना बाहेर काढायचे, दार लावून घ्यायचे आणि खोलीच्या मधोमध नुसते उभे राहायचे. डोळे सरावले की उजेड आपण होऊन सापडतो, असं त्यांचं म्हणणं. पडद्याच्या वरच्या कडेला, दाराखालच्या फटीत, जिथून म्हणून तो शिरत असेल तिथे टाचणी लागायची. "उजेड पाण्यासारखा असतो. आपण वाट दिली नाही तरी तो काढतो," असं म्हणत ते बाहेर येत आणि डोळे मिचकावत पुन्हा शिवायला बसत.

मास्तरांची बायको, म्हणजे माऊची आई, पदवी घेतलेली. सकाळी बालवाडीत शिकवायची, दुपारी दुकानात येऊन फोन घ्यायची. मास्तरांना तिच्या शिक्षणाचं इतकं अप्रूप की इस्त्री बिघडली तरी आधी तिला दाखवायचे आणि मग दुरुस्तीला न्यायचे.

आणि माऊ म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. लहानपणी टेबलाखाली अंगाची जुडी करून झोपायची, म्हणून माऊ. आता ती दहावीच्या वर्गात होती आणि टेबलाखाली मावत नव्हती, पण नाव तेच राहिलं.

दिवेलागणीच्या वेळी माऊ स्टुलाला अडखळायला लागली, तेव्हा सगळ्यांनी तो वयाचा धांदरटपणा समजला. मास्तरांची थोरली बहीण पलीकडच्या गल्लीत राहायची आणि दिवसाआड चक्कर टाकायची. ती म्हणाली, "या वयात मुलींचे पाय जमिनीवर नसतातच." मग एकदा मैत्रिणीकडून येताना जिन्यातला दिवा गेला आणि माऊ पायरीवर बसून राहिली. हात धरायला कोणी येईपर्यंत उठलीच नाही. "मला पुढची पायरीच नव्हती, आई," एवढंच ती म्हणाली. माऊची आई तिला दुसऱ्याच दिवशी डोळे तपासायला घेऊन गेली.

डोळ्यांच्या डॉक्टरबाई सावकाश बोलणाऱ्या होत्या. नजर कडेकडेने वाळत येते, म्हणाल्या. आधी अंधारातलं जातं, मग बाजूचं. मधलं बरेच दिवस टिकतं.

"बरेच म्हणजे किती?" माऊच्या आईने विचारलं.

"ते सांगता येत नाही. काहींचं फार हळूहळू होतं. काहींचं नाही."

"आणि आत्ता? आत्ता तिला नक्की किती दिसतं?"

डॉक्टरबाईंनी एक कागद पुढे केला. त्यावर ठिपके होते, वर्तुळं होती, काळा-करडा रंग भरलेला होता. माऊच्या आईला त्यातून काहीएक कळलं नाही. शिकलेली असून कळलं नाही, म्हणून ती परत विचारायला लाजली. औषध सध्या नाही, हे मात्र तिला नीट कळलं. निघताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "नुसतं जपत बसू नका. तिला जे आवडतं ते पाहू द्या."

माऊची आई त्या दिवसापासून जपतच बसली. जिन्याच्या कडांना पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या, स्टुलं माळ्यावर टाकली, माऊ न्हाणीघरात गेली की बाहेर उभं राहून कान देऊ लागली. मास्तर वेगळ्याच वाटेने गेले. ते गप्प झाले. कापड पाटावर पसरलेलं, कात्री उघडलेली, आणि माणूस तसाच. गिऱ्हाइकं ताटकळायची. जेवताना घास हातात राहायचा. घरात बोलायचं म्हणजे तारेवरची कसरत झाली होती, कारण आपल्या बोलण्यात पदोपदी डोळे येतात हे माऊच्या आईला आत्ता कळत होतं. एकदा आत्या कुठल्याशा दुकानदाराच्या गोंधळाबद्दल तावातावाने सांगत होती. "अगं, तिथे सगळं आंधळं दळतंय आणि..." म्हणाली आणि जीभ चावून थांबली.

"कुत्रं पीठ खातंय," माऊने सांगून टाकलं. "आत्या, म्हण आहे ती, बॉम्ब नाही."

आत्या हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. मास्तर उठून दुकानात गेले.

आणि मग एका सुट्टीच्या सकाळी मास्तरांनी मागची खोली रिकामी करायला काढली. त्या खोलीत कापडाचे गठ्ठे, जुन्या दांड्या, कड्या आणि पुठ्ठ्याच्या लांब नळ्या असायच्या. कापडाचा तागा संपला की आतली नळी उरते. मास्तर ती कधी टाकायचे नाहीत. दुपारपर्यंत सगळं बोळात आलं आणि मास्तर भिंतीसमोर उभे राहिले, हातात शिंप्याचा खडू.

"अगं, इकडे ये. हे बघ." त्यांनी भिंतीवर भला मोठा चौकोन काढला. "इथे पडदा. तिथे मागे प्रोजेक्टर. ही माऊची खुर्ची, अगदी पुढे, पडद्याच्या नाकासमोर. लोकांच्या घरी एवढी थिएटरं केली, आपल्या घरी एक नको?"

"आपल्याला?" ती म्हणाली.

"तिला गं. सगळं मोठं मोठं बघू दे तिला. समुद्र बघू दे, डोंगर बघू दे, पिक्चर बघू दे, जे हवं ते. नंतर..." ते थांबले. "भरपूर बघून ठेवू दे."

एवढं सलग ते कित्येक दिवसांत बोलले नव्हते. माऊच्या आईचा जीव भांड्यात पडला. हा माणूस परत आला, असं तिला वाटलं.

त्यानंतर घरात दुसरा विषय राहिला नाही. मास्तर ताटावर बसले की भिंतींच्या रंगाबद्दल सुरू करायचे. "काळा नाही, गडद करडा. पांढऱ्या भिंतीवरून उजेड उलटून येतो आणि चित्र फिकं पडतं." आवाजाचे डबे कुठे ठेवायचे, पंख्याची घरघर कशी दाबायची, दाराला आतून गादी ठोकायची की जाड पडदा. रोज नवा बेत. जमिनीवर खडूने खुर्च्या आखल्या होत्या, आणि त्या पुसल्या जाऊ नयेत म्हणून घरातली माणसं भिंतीला धरून चालायची. भिंतीवरचा चौकोन तर दर आठवड्याला वाढत होता. मास्तर जुनी रेघ पुसायचे आणि बाहेरून नवी मारायचे. प्रोजेक्टरवाला त्यांचा जुना ओळखीचा. एकाने काळोख द्यायचा, दुसऱ्याने चित्र, असं त्यांचं बरीच वर्षं चाललं होतं. तो जागा बघायला आला आणि भिंतीकडे बघून म्हणाला, "मास्तर, भिंत फोडून शेजारी जायचा विचार आहे का? पडदा खोलीपेक्षा मोठा व्हायला लागलाय."

"मोठाच पाहिजे," मास्तर म्हणाले. "तिला दिसायला पाहिजे."

"आणि एवढ्या काळोखात तिला मधेच उठायचं झालं तर?" माऊच्या आईने विचारलं.

"मी आहे की."

पण जपत बसणाऱ्या माणसाला नको ते दिसतं. तिच्या लक्षात यायला लागलं होतं की माऊ पुस्तक हात लांब करून धरते. ताट पुढ्यात ओढायच्या ऐवजी लांब सरकवते. भिंतीवरचं चित्र बघायचं तर बोळात मागे जाते. दुकानाची पाटी वाचायला रस्ता ओलांडून पलीकडे उभी राहते. ज्याला कमी दिसतं तो जवळ जातो, अशी माऊच्या आईची समजूत. ही पोर मागे का जाते?

एका दुपारी मास्तर गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेले होते. बोळात पुठ्ठ्याच्या नळ्या पडल्या होत्या. माऊच्या आईने एक उचलली आणि मागच्या खोलीत जाऊन, एक डोळा मिटून, नळी दुसऱ्या डोळ्याला लावली. मास्तरांच्या खडूच्या खुर्चीत, म्हणजे माऊच्या जागी, उभी राहून तिने भिंतीकडे पाहिलं. चौकोन दिसला नाही. एक रेघसुद्धा दिसली नाही. दिसला तो भिंतीचा एक गोल तुकडा आणि त्यावरचा डाग.

"काय करतेस?" मागून माऊ म्हणाली.

ती दचकली. "काही नाही. नळी बघतेय."

"नळीतून बघतेयस." माऊ आत आली. पायाखाली बघायला तिला मान पूर्ण खाली घालावी लागली. "मागे ये. अजून मागे. दारात ये. आता?"

दारातून चौकोनाचा एक कोपरा नळीत आला.

"बघ. लांबून जास्त मावतं," माऊ म्हणाली. मुलांना बेरीज समजावून सांगावी असा तिचा सूर होता. "मला मोठं नकोय गं, आई. लहान पाहिजे."

माऊच्या आईने नळी खाली घेतली. "हे बाबांना का नाही सांगितलंस?"

"तू सांगशील?"

तिने जमिनीवरच्या खडूच्या खुर्चीकडे पाहिलं.

"मग! किती खूश आहेत ते. काल शिट्टी वाजवत होते." माऊने नळी तिच्या हातून घेऊन भिंतीला टेकवली. "करू दे त्यांना. मी बसेन पुढे. बाबांना काय कळणार आहे काळोखात?"

त्यानंतर माऊची आई रोज सांगायचं ठरवायची. मास्तर चहाला बसले की शब्द ओठांवर यायचे. पण तेवढ्यात ते म्हणायचे, "पडद्याचं कापड मिळालं बरं का, एकसंध, मधे जोड नाही," आणि ती म्हणायची, "हो का? वा." बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. ही काडी आहे हे तिला कळत होतं, पण ती बुडणाऱ्याच्या हातून काढून कोण घेणार? खोली गेली की हा माणूस पुन्हा उघड्या कात्रीसमोर बसेल. आणि खोली झाली तर पोर त्या काळोखात, भिंतभर चित्रासमोर, एक गोल तुकडा बघत बसेल आणि "वा बाबा" म्हणेल. दोन्हींतलं कुठलं वाईट, हे तिला ठरवता येत नव्हतं. तिने ते लांबणीवर टाकलं.

मग प्रोजेक्टरवाल्याने वापरून बघायला एक मशीन आणून दिलं. भिंतींना रंग लागायचा होता, खुर्च्या यायच्या होत्या, पण मास्तरांना दम निघेना. त्यांनी पांढरं कापड भिंतभर ताणलं, खिडकीला काळं अस्तर लावलेला दुहेरी पडदा सोडला, माळ्यावरून काढलेल्या उंच स्टुलावर मशीन ठेवलं, आणि जेवणानंतर सगळ्यांना आत बोलावलं. आत्याही आली होती. माऊला हाताला धरून त्यांनी पुढे आणून ठेवलेल्या घरातल्या खुर्चीत बसवलं आणि दार लावलं.

असा काळोख माऊच्या आईने पूर्वी पाहिला नव्हता. मास्तरांनी कुठे सुईएवढीही वाट ठेवली नव्हती. पुढे खुर्चीत माऊचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

आणि मग भिंत उघडली. समुद्र, उंच कडा, कड्यावर दाटीवाटीने बसलेले पांढरे पक्षी, एकेक पक्षी माणसाएवढा.

"अगंबाई," आत्या ओरडली, "हा माझ्या मांडीवर बसतो की काय!"

"माऊ, दिसतं ना?" मास्तरांचा आवाज आनंदाने कापत होता.

"वा बाबा! कसलं मस्त आहे!"

"तो बघ डावीकडे, एका पायावर उभा आहे तो. पाहिलास?"

"हो, पाहिला. किती गोड आहे!"

पण तो पक्षी केव्हाच उडून गेला होता. पडद्याच्या उजेडात माऊचं डोकं सगळ्यांना दिसत होतं. ते डावीकडून उजवीकडे, वरून खाली, भिंतीवरची जळमटं झाडताना झाडू फिरतो तसं फिरत होतं. आत्या बोलायची थांबली. माऊच्या आईने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर पडद्याकडे बघत नव्हते.

त्यांनी चित्र थांबवलं. पडद्यावर एक पक्षी पंख अर्धवट उघडून स्थिर झाला.

"माऊ, आत्ता काय दिसतंय? खरं सांग."

"पक्षी."

"माऊ."

तिने मान हळूहळू एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरवली. "पांढरं दिसतंय," मग म्हणाली. "पंख असेल. मान वळवली की चोच येते. पण मग पंख जातो."

"अहो," माऊच्या आईने तोंड उघडलं, "मी सांगणारच होते..."

"थांब," मास्तर म्हणाले. आवाज चढला नव्हता. गिऱ्हाइकाच्या घरी फट सापडली की बोलायचे तसे ते बोलत होते. "खुर्ची मागे घेऊ."

त्यांनी माऊला खुर्चीसकट मागे ओढलं. "आता?" "थोडं बरं आहे." आणखी मागे. खुर्चीची पाठ मागच्या भिंतीला टेकली. "आता?" "मान आली. पाय नाहीत." मागे जागा संपली होती. मग मास्तरांनी मशीनचं स्टूल उचललं, पडद्याकडे सरकवलं आणि भिंग फिरवून चित्र परत स्पष्ट केलं. चित्र लहान झालं, भोवती पांढरं कापड रिकामं उरलं.

"आता?"

"अजून थोडं आत, बाबा."

स्टूल पुढे गेलं. चित्र कपाटाच्या दाराएवढं झालं.

"अजून."

टेबलाएवढं झालं.

"अजून थोडं."

त्या भिंतभर कापडावर, मधोमध, उशीच्या अभ्र्याएवढा समुद्र उरला, तेव्हा माऊ एकदम पुढे झुकली. "आता! आता अख्खा आहे. बाबा, दोन आहेत! मागे अजून एक आहे, बसलेला, मला कळलंच नव्हतं!" या वेळचा आनंद खरा होता. खरा आनंद आणि मघाचा आनंद यांत केवढा फरक असतो, हे सगळ्यांनाच ऐकू आलं.

मास्तरांनी खिशातून खडू काढून चित्राच्या चार कोपऱ्यांवर चार खुणा केल्या. मग सवयीने गळ्यातली टेप उतरवून त्यांनी माप घेतलं, लांबी आणि रुंदी. त्यांचे ओठ हलले. आकडा त्यांनी कोणाला सांगितला नाही.

माऊच्या आईला ठिपक्यांचा तो कागद आठवला. डॉक्टरबाईंना परत विचारायला ती लाजली होती, त्याचं उत्तर भिंतीवर चार खुणांमध्ये होतं. त्या खुणा वीतभरही बाहेर सरकवायला जागा नव्हती.

"चहा टाकते," म्हणून आत्या उठली. तिने दार उघडलं तसा बोळातला उजेड आत आला आणि पक्षी फिके पडले. दार लाव, असं तिला कोणी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर दुकानात गेले नाहीत. माऊची आई बालवाडीतून आली तेव्हा ते मागच्या खोलीतच होते. खिडकीचा काळा पडदा खालून चांगला हातभर आखूड केला होता. जमिनीवर उजेडाची पट्टी पडली होती, दारापर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी उजेडाला मुद्दाम वाट ठेवली होती. पांढरं कापड भिंतीवरून उतरवून ते चारही बाजूंनी आत दुमडत होते, खडूच्या खुणांपर्यंत. घडीवर घडी बसून त्याची गादी झाली होती.

"एवढ्या जाडीला खिळे बसायचे नाहीत," ती म्हणाली. दुसरं काय बोलावं ते तिला सुचलं नाही. "जास्तीचं कापून टाका ना."

मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या एकेक काढून त्यांनी कापडाला लावल्या.

"कापलं की परत मोठं होत नाही," मग म्हणाले.

ज्याने जन्मभर कापडावर बिनधास्त कात्री चालवली, त्या माणसाने हे म्हटलं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी वर पाहिलं नाही. ती खाली बसली, कापडाचं दुसरं टोक धरलं, आणि घडी ताणून दिली. मास्तर शिवायला लागले. मशीनची पक्की शिवण नाही, हाताचा कच्चा दोरा, लांब लांब टाके.

"कच्चा का?"

"उसवायला सोपा जातो," मास्तर म्हणाले.

पुढे उसवायचं ते सैल करायला की आणखी आत घ्यायला, हे ते बोलले नाहीत. दोरा संपला तशी तिने सुई त्यांच्या हातून घेतली आणि खिडकीखालच्या उजेडात धरून पुन्हा ओवून दिली.